बिल्डरच्या नावापुढची चांदणी

आमच्या गल्लीत बरेच दिवस असा समज होता की मी नाशिकच्या कुठल्यातरी बिल्डरकडे नोकरीला आहे. कारण मीच. घरात बसून दिवसभर फोनवर माझं चालायचं, बिल्डर बदलला का, बिल्डर कोणी घेतलाय, बिल्डर अडकलाय. भिंती पातळ. समोरचे काका एकदा येऊन, नाशिकला दोन खोल्यांचं काही स्वस्तात बघशील का म्हणून विचारून गेले. मी त्यांना सगळं समजावलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि जाताना म्हणाले, बरं, पण साहेबांच्या कानावर घाल. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

इथं मात्र सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमची कंपनी लहान. सातपुड्यातल्या ज्या आरोग्य उपकेंद्रांत नेटवर्क पोचत नाही तिथं आम्ही एक वीतभर संगणक ठेवतो. सिस्टर लोक त्याला पेटी म्हणतात. गावातली मुलं, गरोदर बायका, कोणाला कोणती लस कधी द्यायची, हे सगळं तिच्यात लिहायचं आणि बटण दाबलं की यादी छापून घ्यायची. पेटीत जो प्रोग्राम चालतो तो आम्ही एका गठ्ठ्यात बांधून देतो. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान त्याच गठ्ठ्यात. त्याला इमेज म्हणायचं. आणि ती इमेज जे यंत्र बांधून देतं, तो बिल्डर.

आईला मी चक्कीचं उदाहरण दिलं होतं. दाणे आपले, पण दळून देणारी चक्की वेगळी. एक चक्की घरातच आहे, माझ्या लॅपटॉपमध्ये, पण ती फार हळू दळते. दुसरी नाशिकच्या ऑफिसात, मोठी, पाचजणांत मिळून एक. कोणत्या चक्कीवर टाकायचं ते आधी सांगावं लागतं. आई मिरचीच्या पथारीवर कामाला जाते. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात तिथं बसून देठ खुडायचे. संध्याकाळी हातांची आग होते, तर ती खोबरेल चोळत बसते. तशीच चोळत तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे चक्कीवालीच व्हयनी ना तू. इतलं शिकीसन."

मला हसू आलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. पदवीचा कागद मी कपाटात नाही ठेवला, समोरच्या खोलीत लावलाय, येणाऱ्याला दिसेल असा. कोणाला तो मिरवणं वाटत असेल तर वाटू दे. मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, नंदुरबार का, तिकडे नेट चालतं का? मी म्हटलं, तुमच्याइतकंच. ते खोटं होतं. पण एकदा तसं म्हटल्यावर पुढची दोन वर्षं मी नेट संथ असल्याची तक्रार एकदाही केली नाही. बाकीची पोरं-पोरी उठता-बसता करायची. मी गप्प राहून रात्रीचं काम पहाटे उठून करायचे.

तर बिल्डर. पेटीतला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा आणि माझ्या लॅपटॉपचा दुसऱ्या जातीचा. लॅपटॉपवर पेटीसाठी बांधायचं म्हणजे त्याला न येणाऱ्या भाषेत बोलायला लावायचं. तो बोलतो, पण अडखळत, दोन-अडीच तास. नाशिकला पेटीच्याच जातीचं मोठं यंत्र आहे, त्याला दहा मिनिटं पुरतात. एक कमांड दिली की बिल्डरांची यादी येते. ज्याच्या नावापुढे चांदणी, तो चालू. दुसऱ्याचं नाव घेऊन 'यूज' म्हटलं की चांदणी तिकडे जाते. आणि मग परत बदलेपर्यंत तुम्ही जे बांधाल ते मुकाट तिकडेच जातं, तुम्हाला विचारत नाही.

नाशिकचा बिल्डर सगळ्यांचा, म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. वापरायच्या आधी ग्रुपवर लिहायचं, 'घेतला'. काम झालं की लिहायचं, 'सोडला'. दोघांनी एकदम टाकलं की यंत्र गुदमरतं. दिवसभर आमच्या ग्रुपवर हे दोनच शब्द यायचे. घेतला, सोडला, घेतला, सोडला. नवीन कोणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांनी कुठला तरी वळू पाळलाय.

अजून एक फरक आहे आणि तोच मला भोवला. घरच्या बिल्डरने बांधलेली इमेज आपोआप लॅपटॉपच्या फळीवर येऊन बसते. नाशिकच्याने बांधलेली नाशिकलाच राहते. ती इकडे आणून दे, असं कमांडमध्ये वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो बांधतो, झालं म्हणतो आणि गप्प बसतो. एक पिवळी ओळ येते तेवढी, की बाबा बांधलंय पण कुठं ठेवायचं ते तू बोलली नाहीस. पिवळ्या ओळी रोज इतक्या येतात की त्यांच्याकडे कोण बघतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. काठी गावाच्याही पुढे, जिथं जीप शेवटचा चढ पहिल्या गियरमध्ये चढते, अशा एका गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा मला फोन आला. फोन करायला त्यांना मागच्या टेकडीवर चढावं लागायचं, तिथं गुजरातच्या टॉवरची एक कांडी मिळते. त्यांचा हा तिसरा फोन होता. म्हणाल्या, मॅडम, तुमची पेटी बाहेरगावच्या मुलांना खाऊन टाकते.

खरंच खात होती. तिथली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातात आणि होळीला परत येतात. गेली की सिस्टर त्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी' टाकायच्या. आली की ते काढायच्या. पण काढल्यावरही आमचा प्रोग्राम त्यांना लसीच्या यादीत परत घेत नव्हता. म्हणजे ज्या मुलांना जायच्या आधी डोस मिळायला पाहिजे, नेमकी तीच यादीत नाहीत. आणि जुन्या वहीचं काय, तर वही मीच बंद करवली होती. पेटी बसवली तेव्हा मी सिस्टरांना ऐटीत सांगितलं होतं, दोन-दोन ठिकाणी कशाला लिहिता, आता सगळं पेटीत. त्यांनी ऐकलं.

लसीकरणाचा दिवस ठरला होता. सकाळी लसीचा थंड डबा वर येणार आणि पाच वाजता उरलेल्या लसीसकट परत खाली जाणार. दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं घेऊन ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक निघणार. त्या एका दिवसात यादी हातात पाहिजे, म्हणजे आशाताई पाड्यापाड्यावर जाऊन त्या-त्या मुलाच्या आईला बोलावून आणतील. नाहीतर ती मुलं होळीपर्यंत तशीच. सिस्टर म्हणाल्या, मागच्या वर्षी तिकडे ऊसतोडीच्या पालावर गोवर निघाला होता.

चूक मी शोधली, दुरुस्तही केली. त्याचा मला अभिमान आहे. सहा ओळींचं काम होतं, पण त्या सहा ओळी कुठं आहेत ते आधी कोणाला सापडलं नव्हतं. राहिलं होतं फक्त बांधायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि घेऊन वर जायचं.

आदल्या दिवशी दुपारी नाशिकचा बिल्डर घेतला. बांधायला लावलं तेवढ्यात तिकडच्या एकाचं आलं, माझं अर्जंट आहे, पाच मिनिटं सोडशील का. सोडला. म्हटलं, यांची पाच मिनिटं मला माहीत आहेत, आपण घरच्यावर लावू. चांदणी घरच्यावर आणली. अर्धा तास झाला आणि लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नुसतं वजन, लाईट गेली की तोही गेला. दीड तासाने लाईट आली. परत ग्रुपवर लिहिलं, घेतला. चांदणी नाशिकच्यावर नेली. आणि मग बाणाचं बटण दाबून मागची कमांड वर आणली आणि एंटर मारला. तेवढंच. मागची कमांड घरच्या बिल्डरसाठी लिहिलेली होती. तिच्यात 'इकडे आणून दे' नव्हतं, कारण घरच्याला ते सांगावं लागत नाही.

दहा मिनिटांत हिरव्या अक्षरांत झालं. पिवळी ओळ आली असेल. मी तेव्हा बॅगेत स्वेटर कोंबत होते.

लॅपटॉपच्या फळीवर त्याच नावाची इमेज बसलेली होती, तीन आठवड्यांपूर्वीची. आम्ही दर वेळी एकच नाव देतो, ही पण आमची रीत. ती मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

संध्याकाळी आमच्या सरांचा फोन आला. ते नाशिकला बसतात, माणूस चांगला आहे, पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. म्हणाले, जायच्या आधी फळीवरच्या इमेजची तारीख बघून घेतलीस ना? एवढं लांब चालली आहेस म्हणून म्हटलं. मला ते लागलं. मनात आलं, हे बाकीच्यांना असं विचारत नाहीत. बाकीच्यांनाही विचारत असतील, मी कुठं ऐकायला होते. मी म्हटलं, बघितली.

बघितली नव्हती.

सकाळी आई म्हणाली, "भाकर बांधी देऊ का? वर काही भेटाव नई." मी घेतली. पहिल्या एसटीने तळोदा, तिथून जीप. जीप भरेपर्यंत निघत नाही, भरली तरी निघत नाही, ड्रायव्हरच्या मनाला भरली पाहिजे. माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर कोणाचंतरी पोरगं, असं वर गेले. उतरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. पडवीत लसीचा निळा डबा आणि पाच-सहा बायका पोरं घेऊन बसलेल्या. सिस्टर पन्नाशीच्या, शिरपूरकडच्या, नोकरीची निम्मी वर्षं डोंगरात काढलेल्या. मला बघून त्यांनी चहा सांगितला आणि मी चहा प्यायच्या आत पेटीला पेनड्राइव्ह लावला. इमेज चढली. पेटी बंद झाली, परत चालू झाली. मी यादीचं बटण दाबलं. प्रिंटरने एक कागद काढला.

सिस्टरांनी चष्मा लावून तो वाचला. मग उलटा करून मागे बघितलं. मागे कोरा होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ही तर मागच्या महिन्याचीच आहे. माझ्याकडे आहे ही."

मी म्हटलं, नाही, थांबा. परत दाबलं. परत तोच कागद. मग मी पेटीतल्या इमेजची तारीख बघितली, जी मी आदल्या दिवशी बघितल्याचं सांगितलं होतं. तीन आठवडे जुनी. मला एका क्षणात सगळं कळलं, बाणाचं बटण, बॅग, स्वेटर, सगळं. नवीन इमेज नाशिकच्या यंत्राच्या पोटात होती आणि मी इथं.

खोटं बोलायला तोंडावर आलं होतं. पेनड्राइव्ह खराब आहे असं म्हणता आलं असतं, इथं कोण तपासणार होतं. का कोण जाणे, नाही म्हटलं. मी त्यांना सांगितलं की मी चुकीचा गठ्ठा घेऊन आलेय, बरोबरचा नाशिकला राहिलाय.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आशाताईंना आत बोलावलं. आशाताई तिथल्याच, नववीपर्यंत शिकलेल्या, अख्खा पाडा त्यांना तोंडपाठ. दोघी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या, मला त्यातलं माझ्यापुरतं एवढंच समजलं की आशाताईंनी माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. मग सिस्टरांनी पाठकोरा कागद घेतला आणि आशाताई आठवून-आठवून नावं सांगायला लागल्या. अमक्याची धाकटी. तमक्याची जुळी, त्यातली एक. आठवतील तेवढी लिहून झाली आणि आशाताई चप्पल घालून उतारावर निघूनही गेल्या.

मी टेकडी चढले. एक कांडी यायची आणि जायची. नाशिकला मेसेज गेला की इमेज कुठंतरी ठेवा, मी उतरवून घेते. तिकडून ठेवलीही त्यांनी. पण गठ्ठा केवढा आणि ती कांडी केवढी. टक्क्याचा आकडा एकवर आला आणि तिथंच मेला. तासभर मी दगडावर बसून तो एक बघितला. खाली बायका येताना दिसत होत्या, लाल-पिवळे पदर, कडेवर पोरं. किती यायला पाहिजेत आणि किती येताहेत, हे मोजायलाही माझ्याकडे काही नव्हतं. मग उतरले.

दोन वाजत आले होते. भाकरी तशीच होती. मी पडवीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून नुसती बसले होते. दुरुस्त केलेला प्रोग्राम माझ्याकडे होता. सहा ओळी होत्या. फक्त बांधायला बिल्डर नव्हता. घरच्याने अडीच तास घेतले असते, तेही मधलं सामान इंटरनेटवरून मागवून. मी सवयीने यादी काढली. नाशिकच्यापुढे चांदणी. खाली घरचा. आणि त्याच्याही खाली एक तिसरं नाव होतं, जे कित्येक महिन्यांत मी वाचलंच नव्हतं. ही पेटीच.

पेटी बसवली तेव्हा केबल लावून ती माझ्या लॅपटॉपला जोडली होती, तेव्हापासून तिचं नाव यादीत पडून होतं. पेटीवर कधी बांधायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, जीव केवढासा तिचा. पण ती होती तर तिच्याच जातीची, आणि जुनी इमेज तिच्या पोटात आधीच होती.

केबल लावली. तिच्या नावाने 'यूज' म्हटलं. मग परत यादी काढून चांदणी कुठं आहे ते बोट ठेवून बघितलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, बघू दे. पहिल्यांदा लावलं तर तिने मूळ सामानासाठी इंटरनेट मागितलं आणि थांबली. तेव्हा मी कृतीच बदलली. सगळं नव्याने बांधायचं नाही, जुनी इमेज घ्यायची आणि तिच्यावर फक्त बदललेल्या फाइली ठेवायच्या. नुसत्या फाइली आत टाकून भागलं नसतं, पेटी दर वेळी इमेजमधूनच नव्याने उभी राहते, लाईट गेली की पुन्हा जुनी. तेवढ्या दोन ओळी लिहिल्या. नियमात न बसणारं, कॉलेजात कोणी शिकवणार नाही असं काम. पेटी घरघरली. मिनिटभरात झालं म्हणाली.

या वेळी तारीख आधी बघितली. मग बटण दाबलं.

प्रिंटरने एक कागद काढला, दुसरा काढला, तिसरा अर्धा काढला. सिस्टरांनी ते हातातून जवळजवळ ओढून घेतले आणि सकाळच्या पाठकोऱ्या कागदाशी ताडून बघायला बसल्या. आशाताईंच्या आठवणीने बहुतेक मुलं गोळा केली होती. खरं सांगायचं तर ते मला टोचलंही. पण नऊ नावं पेटीने अशी दिली जी कागदावर नव्हती. लांबच्या पाड्यावरची, माहेरी येऊन राहिलेल्या मुलींची, अशी. सिस्टरांनी पेनाने नऊ गोल केले. आशाताई नुकत्याच येऊन पाणी पीत होत्या. त्यांनी गोल बघितले, पदर खोचला आणि परत निघाल्या. त्यांच्याबरोबर मी निघाले. मला थांबवायला कोणी आलं नाही.

तो चढ-उतार मी इथं लिहीत नाही. आशाताई माझ्या पुढे होत्या आणि मी मागे धापा टाकत होते, एवढंच. एका घरापाशी त्या थांबून म्हणाल्या, तुम्ही बसा, मी जाते. मी बसले नाही. त्या म्हणाल्या, मग बोलू नका, दम जातो.

नऊपैकी आठ मुलं आली. पाच वाजता डबा घेऊन जाणारा माणूस मोटारसायकल चालू करून उभा होता, सिस्टर त्याला म्हणत होत्या, दोन मिनिटं दादा, एवढं एक. आठवं पोर तेव्हा टोचलं गेलं.

नववं सगळ्यात खालच्या पाड्यावरचं, दीड वर्षाचा मुलगा, गोवरचा दुसरा डोस. आम्ही पोचलो तेव्हा घराला कडी होती. शेजारच्या आजीने हात करून रस्ता दाखवला. मुकादमाचा एक ट्रक पहाटेऐवजी तीन वाजताच निघाला, त्यात जागा होती म्हणून मुलाच्या घरचे त्यातच गेले. आम्ही उतारावर होतो तेव्हा तो ट्रक मी बघितला असणार. धूळ बघितली होती.

तीन वाजता. सकाळी अकराला यादी निघाली असती तर तो मुलगा बाराच्या आत पडवीत असता. याच्यात दुसरं काही नाही, कोणाचं नेट नाही, कोणाची लाईट नाही.

उपकेंद्रात परत आल्यावर मी हे सिस्टरांना म्हणून दाखवलं. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, दर वर्षी चार-पाच जातात तसेच. तुम्ही एकाचं रडताय." ते त्यांनी धीर द्यायला म्हटलं की टाकून बोलल्या, मला अजून ठरवता येत नाही. मग त्यांनी एक नवीन कार्ड काढलं, मुलाचं नाव लिहिलं, राहिलेल्या डोसपुढे लाल गोल केला आणि खाली हिंदीत दोन ओळी लिहिल्या, तिकडच्या नर्सला कळावं म्हणून. मुलाचा काका दुसऱ्या दिवशीच्या ट्रकने जाणार होता. आशाताई त्याला कार्ड देऊन आल्या. त्याने ते खिशात ठेवलं, आशाताई म्हणाल्या, आता त्याच्या बायकोने शर्ट धुतला नाही म्हणजे झालं.

त्या दिवशी मी तिथंच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तळोद्याला उतरल्यावर फोन भरभरून वाजला. ग्रुपवर एकाखाली एक विचारलेलं, बिल्डर सोडलास का, अगं सोड ना, कुठं आहेस. निघायच्या आदल्या दिवशी 'घेतला' लिहून मी 'सोडला' लिहिलंच नव्हतं. रीत म्हणजे रीत, माझं नाव लागलेलं बघून अख्खा दिवस कोणी त्याला हात लावला नाही, माझ्यासाठी इमेज ठेवली ती तेवढी. बसस्टँडवर उभी राहून मी लिहिलं, सोडला.

मग सरांना फोन केला आणि झालं ते सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "तारीख बघितली म्हणाली होतीस."

"खोटं बोलले, सर."

ते मग म्हणाले, पेटीवर बांधायचं डोक्यात कसं आलं ते लिहून पाठव, बाकीच्यांना उपयोगी पडेल. मी लिहून पाठवलं. त्यात पहिल्या ओळीतच लिहिलं की चूक माझी होती आणि कोणती होती. आणि हेही लिहिलं की नंदुरबारचं नेट संथ आहे. त्याचं उत्तर म्हणून एकाने नुसता अंगठा पाठवला. दोन वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

घरी पोचले तर आई म्हणाली, "तोंड का बरं उतरेल शे?" मी म्हटलं, दमले. ते खरं होतं आणि तिला पुरलं.

त्यानंतर काम रोजच्यासारखं चालू राहिलं. घेतला, सोडला. चांदणी इकडे, चांदणी तिकडे. नवीन लागलेल्या मुलीला मी शिकवते तेव्हा सांगते, यादी काढ, बघ, मग बांध. ती म्हणते, हो ताई, कळलं. कळल्यासारखं म्हणते. मी तिला दोनदा विचारते, आणि तिला ते लागतं, दिसतं मला.

हिवाळाभर तो मुलगा अधूनमधून आठवायचा, मुद्दाम असं नाही. पथारीवर मिरचीचे ढीग बघितले की, ट्रक दिसला की. सिस्टरांना विचारायला फोन लागायचा नाही, लागला तर त्यांच्याकडे सांगायला काही नसायचं. पालावरून कोण काय कळवणार.

होळी झाली. काठीची होळी झाली की तिकडची माणसं परतलेली असतात. त्यानंतर आठवड्याभराने एका दुपारी सिस्टरांचा फोन आला. वारा होता, त्या टेकडीवर होत्या.

"मॅडम, तो खालच्या पाड्यावरचा मुलगा आला."

मी विचारलं, डोस?

"कार्ड आलंय नीट. घडीसुद्धा मोडली नाही त्याची. कोरंच आलं. तिकडे कोणी बघितलंच नाही." मग म्हणाल्या, "आता दिला मी. अर्धा तास झाला."

मी म्हटलं, आणि तो? बरा आहे ना, गोवर-बिवर काही?

"काही नाही झालं. नशीब त्याचं." वाऱ्याने मधले दोन शब्द गेले. "त्याच्या आईला बरोबर घेऊनच वर आलेय, तिला नवऱ्याला फोन लावायचाय. पोरगं रडतंय अजून. ऐका."

त्यांनी फोन लांब धरला असावा. आधी नुसता वारा होता. मग त्याच्यातून ते ऐकू आलं, चांगलं ठणठणीत, गळा काढून.